व्हता आमच्याकडं

चाळीसगावहून संभाजीनगरला निघालेली एस.टी. कन्नड घाटात अडकली नाही तर हल्ली चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. त्या दिवशीही अडकली. वर कुठेतरी एक टेम्पो आडवा झाला होता म्हणे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळायला लागला, आणि गाडीत नेहमीचं सुरू झालं: देशाचं काही खरं नाही. आधी कांद्याचा भाव झाला, मग पीकविमा, मग सातबाऱ्यावर नाव चढवायला कुणाला किती द्यावे लागले ते. तिथून घसरत घसरत गाडी लोकशाहीवर आली. मागच्या सीटवरचा एक तरणा पोरगा, कानात एकच इअरफोन, म्हणाला, ‘यासले सरय कराले कडक राजाच पाहिजे. चार जणांना भर चौकात उलटं टांगायचं, पाचवा आपोआप रांगेत येतो.’ आजूबाजूच्या माना हलल्या. एका काकूंनी ‘खरंय बाई’ म्हणून दादही दिली. खिडकीपाशी एक म्हातारबाबा बसले होते, डोक्यावर मळकी टोपी, मांडीवर वायरची पिशवी. शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. नुसतं म्हणाले, ‘व्हता आमच्याकडं.’

कुणीच काही विचारलं नाही. पोराने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, बाबांनी टरफलं खिडकीबाहेर टाकली, आणि बोलणं परत कांद्यावर गेलं.

ते दोन शब्द नंतर कितीतरी दिवस माझ्या मागे लागले. बाबा त्या अर्थी वरचे असणार, कन्नडचे किंवा पिशोरकडचे. घाट उतरला की खानदेश, चढला की निजामाचं राज्य, ही रेघ आता कुठल्याच नकाशावर नाही. पण आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे ती आमच्या घरात फार दिवस शिल्लक होती. खानदेश १८१८पासून इंग्रजांकडे आणि वरचा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे. आमची मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, मरेपर्यंत त्या बाजूला मोगलाईच म्हणायची. ‘अमक्याने मोगलाईतली सून केली’, ‘मोगलाईतली ज्वारी चांगली पिकली’. सोयरिकी दोन्हीकडे, बैलबाजार दोन्हीकडे, पाटणादेवीच्या यात्रेला वरूनही लोक उतरायचे. मधे फक्त करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. तिथे गाठोडी सोडून दाखवायची. पैसाही वेगळा. इकडे कळदार, तिकडे चारमिनाराची हाली. शंभर कळदारांना एकशे सोळाच्या वर हाली पडायचे, हा हिशेब निरक्षर मोठ्या मायला तोंडपाठ होता. बाजारात फसवलं जाऊ नये म्हणून तो तिनं एकदा शिकला आणि नंतर उपयोग संपला तरी विसरली नाही.

तिनं सांगितलेल्या गोष्टींत एक माणूस पुन्हा पुन्हा यायचा. अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी वरून जी कुटुंबं पायवाटांनी खाली उतरली, त्यातलं एक आमच्या पडवीत राहिलं. नवरा, बायको, एक लेकरू आणि एक शेळी. माणूस घरचा खाऊन-पिऊन बरा, दहा-बारा एकरांचा धनी. इथे गव्हाणीशेजारी घोंगडी टाकून झोपायचा. त्याची एक खोड सगळ्या गावाने पाहिली होती. खाकी कपड्यातलं कुणीही दिसलं की हा उठायचा, पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवायचा, हात जोडायचा आणि समोरचा जाईपर्यंत तसाच उभा. पोलीसच असं नाही. ‘डाकवालाले भी उठीसनी उभा ऱ्हाये,’ असं सांगताना मोठी माय हसून हसून पदर तोंडाला लावायची. आमच्या गावाचा पोस्टमन बिचारा खुजा, सायकलला घंटी नसलेला, त्याला उभ्या आयुष्यात कुणी नमस्कार घातला नव्हता. तो लाजून लांबूनच पत्र फेकायला लागला. लहानपणी आम्हीही हसायचो. वहाणा काढून ठेवण्याची नक्कल माझा चुलतभाऊ फार छान करायचा.

दुसरी गोष्ट गणपतीची. त्या साली गावात मेळा बसवला होता. पोरं रात्री कंदील लावून गाण्यांची तालीम करायची, गाण्यात निजामाला यथेच्छ शिव्या. पडवीतला माणूस दोन रात्री बघत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी आजोबांना बाजूला घेऊन म्हणाला, ‘आप्पा, परवानगी कुणाची काढली?’ आजोबांना कळेचना. ‘कोनी परवानगी? गनपतीनी?’ हे आजोबांचं उत्तर आमच्या घरात म्हणीसारखं झालं आहे. कुणी उगाच विचारून विचारून काम करायला लागलं की आजही म्हणतात, कोनी परवानगी, गनपतीनी?

पण त्या माणसाचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. तो ज्या राज्यातून आला तिथे गश्ती निशाण ५३ नावाचं एक सरकारी फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी, बोलणार कोण आणि बोलणार काय तेही आधी कळवायचं. राजकारणापुरतं ते थांबलं नाही. आखाडा काढायचा, खासगी शाळा काढायची, तरी सरकारचा हात मधे येणारच. अशा राज्यात रोज कुणाला मारावं लागत नाही, ही त्यातली खरी गोम. माणूस तालमीचा कंदील लावायच्या आधी आपण होऊन विचार करायला लागतो की हे चालेल का. कागद अमीनाच्या, म्हणजे निजामाच्या फौजदाराच्या, कचेरीत पडून असतो आणि अंमल मात्र माणसाच्या मानेत चालू राहतो. निजाम उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. तेव्हापासून मोजलं तर आमच्या पडवीतला तो तिशीतला माणूस त्या राजाच्या सावलीतच वाढला होता. पोस्टमनसमोर वहाणा काढायला त्याला कुणी शिकवलं नसणार. बापाला बघून आलं असेल.

त्याच राजाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ काढलं, हेही लिहायला हवं. एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, वरपर्यंत शिकवणारं विद्यापीठ. दवाखाने बांधले, रेल्वे वाढवली. गाडीतल्या त्या पोराशी वाद घातला असता तर त्याने हेच काढलं असतं, आणि ते खोटं नाही. पण १९३८ साली त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या आणि औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा हट्ट धरला तेव्हा त्यांना सरळ काढून टाकण्यात आलं. शेकडो पोरं ट्रंका उचलून नागपूरला गेली, तिथल्या विद्यापीठाने त्यांना घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली. बारशाच्या आधीच पाळणा जप्त. १५ ऑगस्ट १९४७ला आमच्या गावात शाळेवर झेंडा लागला, गूळ-खोबरं वाटलं. घाटाच्या वर झेंडा लावणं हा गुन्हा होता, आणि तिथल्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना त्या दिवशी अटक झाली.

खालच्या अंगाला सगळं रामराज्य होतं असं नव्हे. फैजपूरला १९३६ साली आमच्या मातीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, याचा आम्हाला भारी अभिमान. पण त्यानंतर सहाच वर्षांनी, सप्टेंबर १९४२मध्ये, नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याच्यासोबतची पोरं पोलिसांच्या गोळीने पडली. खाकी म्हणजे काय ते खानदेशालाही ठाऊक होतं. तरी एक फरक होता, आणि तो मला बरेच दिवस बोटात धरता येत नव्हता. इकडच्या माणसाला गोरा साहेब परका वाटायचा. शिव्या देताना जीभ अडायची नाही. वरच्या माणसाला राजा हा पावसासारखा वाटायचा. तो असतोच, तो चांगला किंवा वाईट असू शकतो, पण तो नसेल असं मनात येत नाही. मोठ्या मायने एकदा त्या पाहुण्याच्या बायकोला विचारलं होतं, तुमचा राजा गेला तर काय कराल? ती म्हणाली, मग दुसरा येईल ना.

रझाकारांबद्दल आमच्याकडे जे बोललं जातं ते सगळं घोड्यांचं आणि आगीचं आहे. रात्री टापा वाजायच्या, वाडीत धूर दिसायचा, बायका विहिरीशी लपायच्या. ते घडलं आहे, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण मला जास्त अस्वस्थ करते ती त्यांच्यामागची रचना. ते सरकारी नोकर नव्हते. एका पक्षाचे, मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे स्वयंसेवक. पुढारी कासीम रझवी, लातुरात वकिली केलेला माणूस. राज्याला स्वतःच्या हाताने करायला नको असलेलं काम त्यांनी करायचं आणि राज्याने म्हणायचं, आमचा काय संबंध, प्रजा चिडली आहे. ही सोय राजाला काही दिवस फार गोड वाटली असणार. मग २७ ऑक्टोबर १९४७ला काय झालं, तर भारत सरकारशी करार करायला निघालेल्या निजामाच्याच शिष्टमंडळाच्या घरांना पहाटे त्याच जमावाने वेढा घातला. त्यात पंतप्रधान छतारीचे नवाबही होते. कुणी विमानतळावर जाऊ शकलं नाही, आणि नवाबांनी नंतर पद सोडलं. जैसे थे करार महिनाभर लांबून २९ नोव्हेंबरला झाला. ज्याला आपण कडक राजा म्हणतो तो त्या दिवशी आपल्याच पोसलेल्या पोरांसमोर हतबल बसला होता. गाडीत हे सांगायला पाहिजे होतं असं मला नंतर वाटलं, पण घाटातल्या गाडीत कोण एवढं ऐकून घेतो.

आणि शोएबुल्ला खान. उर्दू ‘इमरोज’चे तरुण संपादक. भारतात सामील व्हा असं ते उघड लिहीत होते. ऑगस्ट १९४८मध्ये रात्री छापखान्यातून घरी जाताना हैदराबादेत त्यांना गाठलं, गोळ्या घातल्या आणि हात तोडला. आमच्याकडे रझाकारांच्या गोष्टी सांगताना हे नाव कधीच येत नाही. मी ते मोठा झाल्यावर वाचलं. मोठ्या मायच्या गोष्टींत मारणारे सगळे एका धर्माचे आणि मरणारे सगळे दुसऱ्या. त्यात हा माणूस बसवायला जागाच नव्हती.

तेरा सप्टेंबरला पहाटे भारताच्या फौजा निजामाच्या मुलखात घुसल्या. मोठी फौज सोलापूरकडून गेली, ती पुस्तकांत सापडते. चाळीसगावकडून वर गेलेल्या तुकडीने कन्नड, दौलताबाद घेतलं, आणि हा भाग मात्र आमच्या घरचा आहे. गणपतीचे दिवस, झड लागलेली, आणि रात्रभर घाटाकडे मिलिटरीच्या गाड्या. गोठ्यातल्या गायी दावी ताणून उभ्या राहिल्या, एका म्हशीने त्या दिवशी दूध चोरलं. गावातल्या बायकांनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून रस्त्यावर नेला. शिपायांपैकी कुणाला तो ठेचा झेपला नाही, ही मोठ्या मायची आवडती जागा. पडवीतला माणूस रस्त्यापर्यंत गेला. एवढ्या सगळ्या खाकीसमोर त्याचं काय झालं असेल? माय सांगायची, तो वहाणा हातात धरून उभा होता, आणि एका शिपायाने गाडीतून त्याच्याकडे बघून हात हलवला. सतरा तारखेला सगळं संपलं. निजामाने शरणागती पत्करली. आता वर सतरा सप्टेंबरला झेंडा लागतो, मुख्यमंत्री येतात, शाळेत पोरांना चॉकलेट मिळतं. खाली चाळीसगावात त्या दिवशी बाजार नेहमीसारखा भरतो.

राजाचं काय झालं हे मी लहानपणी विचारलं होतं. गोष्टीतल्या राजाला शेवटी काहीतरी व्हावं लागतं. मोठ्या मायला माहीत नव्हतं. उत्तर असं की १९५०मध्ये तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला, १९५६ला ते राज्यच मोडेपर्यंत राहिला, वर्षाला लाखोंचा तनखा मिळाला, आणि १९६७ साली तो अंथरुणात वारला. रझवी १९५७ला तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. गश्तीचा कागद राबवणाऱ्या अमीन-मुनशींचं काय झालं ते शोधायला कुणी बसलं नाही. बरेचसे नव्या सरकारात बदलून गेले असतील, खाकी तीच ठेवून.

शिक्षा झाली ती भलत्यांनाच. फौजा आत गेल्यावर आणि फौजांच्या आडोशाने गावोगाव जे झालं त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली काही माणसं पाठवली. १९४८ सरता सरता ती गावोगाव फिरली. त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मेल्याचा, त्यातले बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांची. शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन वाचवल्याचे प्रसंगही त्यात नोंदले आहेत. तो अहवाल सरकारने छापला नाही. साठ-पासष्ट वर्षं तो दाबून होता, २०१३च्या सुमारास दिल्लीत लोकांना बघायला मिळाला. म्हणजे राजा गेला, राज्य आपलं आलं, आणि कागद दडवण्याची कला मात्र नव्या घरात जुन्या सामानासारखी बरोबर आली. हे वाचलं तेव्हा मला आधी राग आला तो अहवालाचाच. माझ्या मोठ्या मायची गोष्ट इतकी छान होती, तिच्यात भाकरी होती, ठेचा होता, हात हलवणारा शिपाई होता, आणि तिच्या शेपटाला हे आकडे बांधायची काय गरज, असं वाटून गेलं. गोष्टीत आम्ही चांगले होतो. आम्ही पडवी दिली होती.

त्यानंतरच मी आत्याला विचारलं की नंतर वरून कुणी उतरलं होतं का.

आत्या आता नव्वदीला टेकली. ऐकू कमी येतं, पण हा प्रश्न पहिल्या वेळेला ऐकू गेला. हो, म्हणाली, पिंजारी आला होता. दरवर्षी दिवाळीआधी वरून एक पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन उतरायचा. आख्ख्या गावाच्या गाद्या पिंजायचा, चार-पाच दिवस देवळामागच्या ओसरीत राहायचा, पोरांना कापसाचे पुंजके द्यायचा. त्या साली तो दिवाळीच्या बराच आधी आला, पिंजण नव्हतं, बायको आणि दोन पोरी होत्या. सकाळची वेळ. आमच्या दारात उभा राहिला. पडवीतलं पहिलं कुटुंब परत जायच्या तयारीत होतं, त्यांची बोचकी बांधून ठेवलेली. मोठी माय चुलीपाशी होती. तिनं पाणी दिलं, भाकरी दिली, भाकरीवर तेल आणि चटणी घालून दिली. आजोबा बाहेर आले, आणि त्यांना म्हणाले, स्टेशनकडे जा, इथे लोक तापलेले आहेत, मला जबाबदारी घेता यायची नाही. ते गेले. एवढंच. कुणी त्यांना हात लावला नाही, शिवी दिली नाही. पडवी त्या दिवशी दुपारनंतर रिकामीच होती.

मोठ्या मायने ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नाही. आजोबांना मी दोष देऊ शकत नाही, देऊ नये असंही वाटत नाही. गावात खरंच लोक तापलेले असतील. ते भ्याले असतील. गश्ती नसलेल्या गावात, झेंडा लागून वर्ष झालेल्या गावात, त्यांनाही कुणाची तरी परवानगी लागली असावी.

भांडण आहे ते वेगळ्याच मुद्द्यावर. आत्या सांगते, पडवीतला तो माणूस, वहाणा काढणारा, त्याने पिंजाऱ्याला ओळखलं. दोघं जवळजवळच्या गावचे. त्याने स्वतःच्या बोचक्यातून एक घोंगडी काढून पोरींना दिली आणि वेशीपर्यंत पोचवायला गेला. धाकटे काका म्हणतात, साफ खोटं. तोच आजोबांच्या कानाशी लागला की यांना ठेवू नका, यांचे भाऊबंद आमच्या वाडीवर आले होते. घोंगडी मायने दिली. ‘तू तव्हय पाच वरीसना व्हता, तुले काय याद राही?’ आत्या. ‘अन तू कोठे व्हती? तू ते मामाना गावले व्हती,’ काका. गेल्या दिवाळीतही हे झालं, फराळाची ताटं समोर असताना. सुना कंटाळून आत निघून गेल्या. मी दोघांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि दोघांनीही आपापली गोष्ट शब्दही न बदलता सांगितली.

शेवटी आत्याने विचारलं, एवढी तुझी याद पक्की आहे तर सांग, मंग त्या साले आपली गादी कोनी पिंजी?

काका म्हणाले, चाळीसगावहून दुसरा आणला होता. त्याने आठ आणे जास्त घेतले.